गेटपासवरचं ‘कारण’

“ठिकाण : नाशिक. कारण : पांडवलेणी पाहणे.” फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही पाच जणींनी गेटपासवर हे लिहिलं आणि रेक्टर मॅडमनी सहीही केली. मॅडम, सॉरी! ते खोटं नव्हतं, पण अर्धंच खरं होतं. आम्हाला वायनरी पण बघायची होती.

झालं असं, की इंडस्ट्रियल व्हिजिटच्या यादीत आमच्या वर्गाने वायनरी सुचवली होती. ती खोडली गेली. “दारूच्या कारखान्यात मुलांना कसं न्यायचं?” मग आम्ही पुन्हा एकदा डेअरीला गेलो. सरांची काळजी कळते मला. पण निर्णय चुकला असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी एक सांगून टाकते. आम्ही एक थेंबही चाखला नाही. आमच्या वयाला कायद्याने ते चालतच नाही. आम्ही पाहिल्या त्या टाक्या. स्टेनलेस स्टीलच्या, बाहेरून थंड पाण्याचं जॅकेट! साखरेचं अल्कोहोल होताना उष्णता बाहेर पडते. ती काढून घेतली नाही तर वास-चव सगळं बिघडतं. हीट ट्रान्सफरच्या पेपरात रट्टा मारून लिहिलेलं जॅकेटेड व्हेसल मी पहिल्यांदा हात लावून पाहिलं. रिकाम्या टाकीत हवा तपासल्याशिवाय कोणी उतरत नाही, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. हे सेफ्टीच्या लेक्चरला ऐकताना मी अर्धी झोपेत होते, तिथे मात्र अंगावर काटा आला.

दुपारी आमच्यातल्याच एकीच्या घरी जेवायला गेलो. दोन वर्षं शेजारच्या खोलीत राहते, पण तिचे बाबा वाईनची द्राक्षं पिकवतात हे तिने कधी सांगितलं नव्हतं. “लोक हसतात गं,” एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. ‘दारूचा कारखाना’ म्हणताना आपण कोणाबद्दल बोलतो, याचा विचार मीही केला नव्हता.

काकांनी बाग दाखवली. मणी बारीक, साल जाड, आत बिया, तरी चव भलतीच गोड. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून छाटणी दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी आणि साधारण जानेवारी ते मार्च तोडणी. “साखर भरायला लागली ना पोरींनो, की आभाळाकडे बघून झोप येत नाही,” काका म्हणाले. ऐन तोडणीत पाऊस झाला तर मणी तडकतात आणि वर्षाची मेहनत पाण्यात.

परतताना गोदावरीवरचं गंगापूरचं मातीचं धरण पाहिलं. त्याच बाजूला गोवर्धन गाव आहे. इथेच राजीव सामंत यांनी ‘सुला’ उभी केली. तेही स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकलेले! त्यांची पहिली वाईन २००० साली आली.

शेवटी पांडवलेणी. (गेटपास खरा करायचा होता ना!) दहाव्या लेण्यात उषवदाताचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण दिले आणि ते गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, एक हजारावर पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजावर भागवायचं. म्हणजे गोवर्धन तेव्हाही कसबी हातांचं गाव होतं आणि त्यांच्या कामावर विश्वास ठेवून कोणी पैसे गुंतवत होतं. दिवसभर पाहिलेल्या सगळ्याला ते वाचून एकदम अर्थ आला.

म्हणून माझी विनंती. पुढच्या व्हिजिटला नाशिक ठेवा. धरण, बाग, टाक्या, लेणी एकाच दिवसात होतात. चाखायची खोली वगळा, हवं तर दोन सर जास्त पाठवा. बघणं म्हणजे पिणं नव्हे. प्यावं की नाही हे प्रत्येकाने मोठं झाल्यावर ठरवावं, पण आपल्या मैत्रिणीला बाबांचं काम लपवावं लागू नये, एवढं तर आपण आत्ताच ठरवू शकतो.

आणि मॅडम, पुढच्या वेळी गेटपासवर मी पूर्ण कारण लिहीन. सही कराल ना?