दुष्काळातल्या कर्बाचा हिशोब कोणाच्या नावे?



गावोगाव आता एक नवा सौदा येऊ लागला आहे. पऱ्हाट्या जाळू नका, नांगरट कमी करा, बांधावर झाडे लावा. जमिनीत कार्बन साठेल आणि त्याचे क्रेडिट विकून तुम्हाला पैसे मिळतील. केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये अशा ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडाही जाहीर केला. सौदा वाईटच आहे असे मी म्हणत नाही. पण कोरडवाहू शेतकऱ्याने अंगठा उठवण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. पाऊस दगा देईल त्या वर्षी काय?

माती परीक्षणाच्या कागदावर ज्याला सेंद्रिय कर्ब म्हणतात, तोच हा कार्बन. तो जमिनीत येतो पाण्याच्या भरवशावर. पानाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून हवेतला कर्बवायू आत येतो आणि त्याच छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. ओल हटली की झाड जीव वाचवायला छिद्रे मिटते. पाणी वाचते, पण अन्न तयार होणेही थांबते. तेवढ्याच पाण्यात ज्वारी कपाशीपेक्षा जास्त कर्ब धरते, म्हणून ती अधिक तग धरते. पण पोटरीत असताना ताण बसला तर तीही हरते.

आवक थांबली म्हणून जावक थांबत नाही. मातीतले जिवाणू सेंद्रिय पदार्थ खाऊन कर्बवायू सोडतच असतात. दुष्काळात तेही मंदावतात, पण बहुधा पिकाइतके नाही. पुढे तापलेल्या रानावर पहिला पाऊस पडला की ते एकदम जागे होतात आणि कर्बवायूचा लोंढा सुटतो. बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर हे दाखवून दिले. त्या वेळी रानात तो वायू परत ओढून घेणारे पीकच नसते.

शिवाय दुष्काळी सालात कडबा जनावरांच्या पोटात जातो, शेण आणि धसकटे चुलीत जातात. मातीला उरते काय?

ही आपल्याच मुलखाची रड आहे असे समजू नका. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णता आणि कोरड एकदम आली. तिथल्या पिकांची आणि जंगलांची कर्ब ओढण्याची ताकद सुमारे ३० टक्क्यांनी घटली, आणि आधीच्या ४ वर्षांत जमिनीने जमवलेल्या कर्बाइतका कर्ब त्या एका सालात हवेत परत गेला, असा हिशोब शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये मांडला. उलट २०११ मध्ये जगाच्या जमिनीने नेहमीपेक्षा खूप जास्त कर्ब ओढला. त्यात मोठा वाटा चांगला पाऊस झालेल्या कोरड्या मुलखांचा, विशेषतः ऑस्ट्रेलियाचा होता. म्हणजे कोरडवाहू जमीन पाऊस असेल तेव्हा भरभरून देते आणि नसेल तेव्हा दिलेले परत घेते.

आता आपला हिशोब करू. एका एकरातली वरची अर्धा फूट माती भरते सुमारे ८ ते ९ लाख किलो. तिच्यातला कर्ब ०.४ वरून ०.५ टक्क्यावर न्यायचा तर ८०० ते ९०० किलो कर्ब टिकवावा लागतो. त्याचे क्रेडिट होतात सुमारे ३. एवढे करायला कित्येक हंगाम जातात. मधल्या एका दुष्काळाने त्यातले किती धुऊन नेले, ते कोण भरणार?

काही मित्र म्हणतील, कर्ब वाढला की ओल जास्त टिकते, मग कशाला अडून बसायचे? कर्ब जरूर वाढवा. पऱ्हाट्या कुजवा, शेणखत घाला, उताराला आडवी पेरणी करा. ते आपल्या रानासाठी आहे. पण कर्ब वाढवणे वेगळे आणि टनांची हमी लिहून देणे वेगळे. पावसाची हमी कोणी देत नाही, मग कर्बाची हमी शेतकऱ्याने का द्यावी?

म्हणून जिल्हा बैठकीत हा ठराव यावा. पैसे केलेल्या कामाचे मिळावेत, मोजलेल्या टनांचे नव्हे. दुष्काळात घटलेल्या कर्बाची वसुली शेतकऱ्याकडून होऊ नये. त्यासाठीची राखीव शिल्लक कंपनीने आपल्या हिश्श्यातून ठेवावी. दुष्काळ ठरवावा तो महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. २०२३ मध्ये सरकारने आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि नंतर आणखी हजारावर मंडळांत दुष्काळसदृश स्थिती मान्य करावी लागली, हे आपण विसरलेलो नाही. आणि करार मराठीत असावा, सही करण्याआधी गावात सर्वांसमोर वाचला जावा.

एवढे मान्य असेल तर बोलणी करू. नसेल तर आपला कर्ब आपल्या रानात बरा.