विश्लेषण : महागड्या चाइल्ड कार सीटचं बकल बिघडलं, फुकट दुरुस्ती मागता येते का?

वीस-पंचवीस हजार मोजून चाइल्ड सीट घेतली आणि दीड वर्षात बकल लागेनासं झालं. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं असतं : ‘वॉरंटी संपली’ किंवा ‘ही तर झीज, वॉरंटीत येत नाही.’ मग कोणी पट्टा मोच्याकडून शिवून घेतं, कोणी सीट माळ्यावर टाकून मुलाला मांडीवर घेतं. दोन्ही धोक्याचं. अपघातात सगळा जोर त्या पट्ट्यावर आणि बकलवरच येतो. शिवाय 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम 194 ब नुसार, 14 वर्षांखालील मूल सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटमध्ये नसेल तर 1000 रुपये दंड आहे.

तक्रारीआधी एक बघा. बकलमध्ये बिस्किटाचा चुरा अडकलेला असतो, हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं! मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसंच साफ करा, तेल सोडू नका.

तरीही बकल लागत नसेल तर?

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ‘दोष’ ही वॉरंटी कार्डापेक्षा मोठी गोष्ट आहे. वस्तूच्या दर्जात किंवा कामात उणीव असेल तर तो दोष. तो सिद्ध झाला तर ग्राहक आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतो. म्हणजे वॉरंटी संपली की सगळं संपलं, असं नाही. पण दोष मूळचाच होता हे दाखवणं मात्र अवघड होत जातं. खरी मेख इथेच आहे. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, आणि त्याची फी आधी तक्रारदारालाच भरावी लागू शकते.

याच कायद्यातल्या ‘उत्पादन दायित्वा’चा दाखला सोशल मीडियावर सर्रास दिला जातो. तो इथे चालत नाही. ते प्रकरण वस्तूमुळे माणसाला किंवा इतर मालमत्तेला झालेल्या हानीबद्दल आहे. खुद्द वस्तूचं नुकसान त्यातून वगळलंय.

सुरुवात कंपनीला लेखी ईमेलने करा, फोनवर नको. सोबत बिल, सीटवरच्या लेबलचा फोटो आणि बकल सुटत असल्याचा व्हिडिओ जोडा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. ती आदेश देऊ शकत नाही, फक्त कंपनीकडे पाठपुरावा करते. त्यापुढे जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. कायदा निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यायचा प्रयत्न करा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात.

आणि सीट अपघातातून गेलेली असेल तर दुरुस्ती मागूच नका, फुकट मिळाली तरी. ती बदलावीच लागते.