कामगारांची बस आणि मालकाची जबाबदारी

9 एप्रिल 2024 च्या रात्री दुर्ग जिल्ह्यातील कुम्हारीजवळ, काम संपवून घरी परतणाऱ्या केडिया डिस्टिलरीच्या कामगारांची बस मुरमाच्या खोल खाणीत कोसळली. किमान 12 जण ठार झाले. जखमींना रायपूरच्या ‘एम्स’मध्ये हलवावे लागले. तेव्हा मंत्र्यांचे बंगले असलेले शंकर नगर तेथून फार दूर नाही. शोकसंदेश तत्परतेने निघाले, चौकशी जाहीर झाली, मृतांच्या वारसांना मदतही.

पण जखमींचे काय? कोसळणाऱ्या बसमध्ये पट्ट्याविना बसलेला माणूस लोखंडी दांड्यांवर आदळतो. कणा मोडतो, घाईत हातपाय धरून ओढल्यास मज्जारज्जूही दुखावतो. असा कामगार महिनोनमहिने खाटेला खिळतो. केंद्राने मे 2025 मध्ये लागू केलेली विनारोकड उपचार योजना मात्र दीड लाख रुपये आणि सात दिवसांवर थांबते. आठव्या दिवशी त्याने कोणाचे दार ठोठवावे?

महाराष्ट्रातील साखर कारखान्याचा एक रखवालदार 2003 साली कामावर जाताना मृत्यू पावला. त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये निर्वाळा दिला की, नोकरीशी संबंध असल्यास येण्याजाण्यातील अपघातही भरपाईस पात्र ठरतो. ज्या श्रमसंहितांशी कामगार वर्ग झुंजत आहे, त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेलाही हे तत्त्व नाकारता आलेले नाही. प्रत्यक्ष उपचारखर्चाची भरपाईही तीत आहे. मालकाच्याच बसबाबत तर संबंध शोधत बसण्याचे कारण नाही. तेव्हा आठव्या दिवसापासूनच्या खर्चाचा दावा युनियनने स्वतः मांडावा. जखमीच्या पत्नीला मालकाच्या फाटकाशी अर्ज घेऊन उभे राहावे लागू नये.