अजिंठ्याचा गिलसाहेब

मुलांनो, बीडहून शाळेची सहल निघाली की वेरूळ-दौलताबाद ठरलेलंच. यंदा सरांच्या मागे लागून अजिंठ्यालाही जा बरं का! पण आधी मेजर रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराची हकिकत वाचा.

गिलचा जन्म १८०४ सालचा, लंडनचा. मद्रासच्या फौजेत तो अधिकारी होता; पण हात चित्रकाराचा! १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला अजिंठ्याची चित्रं उतरवून घेण्याच्या कामावर नेमलं. तेव्हा अजिंठा निजामाच्या राज्यात होता, अन् आपलं बीडही. भोवती वाघांचं रान, लेण्यांत वटवाघळं आणि काळोख. साहेबानं अजिंठा गावातच मुक्काम ठोकला. मोठाल्या कॅनव्हासवर तैलरंगांनी मूळ चित्राएवढीच नक्कल करायची! काम वर्षानुवर्षं चाललं. एकेक चित्र लंडनला रवाना होत गेलं. (गावातली पारो ही त्याची जिवलग. १८५६ मध्ये ती वारली. तिची कबर आजही तिथं आहे. महानोरांची ‘अजिंठा’ ही दीर्घ कविता या दोघांवरच आहे, आईबाबांना विचारा.)

पन्नाशी उलटल्यावर गिलनं कॅमेरा हाती घेतला. तोही साधासुधा नव्हे. डोळ्यांइतक्या अंतरावरून एकाच दृश्याचे दोन फोटो घ्यायचे, ते शेजारी-शेजारी चिकटवून दोन भिंगांतून बघायचे, की खांब, मूर्ती जणू हात लावता येतील अशा उठून दिसतात! तुमच्या व्ह्यू-मास्टरची युक्ती हीच. त्याच्या अशा ७४ फोटोंचं लेण्यांवरचं पुस्तक १८६४ मध्ये निघालं.

आणि मग घात झाला. त्याची चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथं आग लागली. वीसेक वर्षांची मेहनत जळाली! फोटो होते ना, असं तुम्ही म्हणाल. पण त्या काळचे फोटो काळे-पांढरे. पद्मपाणीच्या मुकुटाचा रंग, राजकन्येच्या कांतीची छटा त्यात कुठून येणार? ते काम कुंचल्याचंच होतं.

प्रदर्शनात नसलेली मोजकी चार-पाच चित्रं तेवढी वाचली. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

आता मूळ चित्रंही फिकी पडत चालली आहेत. म्हणून लेण्यांत फ्लॅश मारायला बंदी आहे. तेव्हा पहिल्या लेण्यात शिरलात की डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. पद्मपाणी डाव्या हाताला आहे.