घुबडाचे खणखणीत नाणे

घरावर घुबड येऊन बसले की आपल्याकडे भली भली माणसे मनातून चरकतात. प्राचीन अथेन्समध्ये मात्र घुबड हाती आले की माणसे खूश होत, कारण ते चांदीच्या नाण्यावर बसलेले असे!

हे नाणे चार द्राख्मांचे, वजन सुमारे १७ ग्रॅम. एका बाजूला नगरदेवता अथेना, दुसऱ्या बाजूला तिचे घुबड आणि ऑलिव्हची डहाळी. कुशल कारागिराला दिवसाकाठी एक द्राख्मा मिळे. म्हणजे एक नाणे ही त्याची चार दिवसांची कमाई.

चांदी येई ती अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतून. इ. स. पूर्व ४८३ च्या सुमारास तिथे मोठे घबाड हाती लागले. ते नागरिकांत वाटून टाकायचे घाटत होते. पण थेमिस्टोक्लीस या मुत्सद्द्याने त्यातून युद्धनौका बांधायला लावल्या. इ. स. पूर्व ४८० मध्ये सालामिसच्या लढाईत याच नौका इराणी आरमाराला पुरून उरल्या. खाणींच्या अरुंद बोगद्यांत ही चांदी खणत होते ते मात्र बहुतेक गुलाम.

चोख चांदीमुळे हे नाणे दूर इजिप्तमध्येही चाले. नाव झाले तशा नकलाही निघाल्या. आत तांबे, वरून चांदीचा मुलामा! तेव्हा इ. स. पूर्व ३७५ च्या सुमारास निकोफोन नावाच्या नागरिकाने एक कायदा मांडला. त्यानुसार बाजारात सराफांच्या पेढ्यांजवळ सरकारी पारखी बसे. त्याने खरे ठरवलेले नाणे एखाद्या दुकानदाराने नाकारले, तर त्याचा त्या दिवसाचा माल जप्त होई. नाणे खोटे निघाले, तर पारखी ते तिथेच कापून टाकी आणि ते देवमातेच्या नावे जमा होई.

हा पारखी स्वतः गुलाम होता. नेमून दिल्याप्रमाणे तो कामावर बसला नाही, तर त्याला चाबकाचे ५० फटके पडत. हे सारे कोरलेली संगमरवरी शिला १९७० मध्ये अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेच्या उत्खननात सापडली.

२००२ पासून ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर तेच जुने घुबड पुन्हा दिसते. शिलेवर कायदा मांडणाऱ्या निकोफोनचे नावही वाचता येते. रोज बाजारात बसून त्या घुबडाची पत राखणाऱ्या पारख्याचे नाव मात्र तिथे नाही.