मडक्यांचे बेट : को क्रेत

बँकॉकला जाऊन आलेली मंडळी हल्ली आपल्या समाजात पुष्कळ भेटतात. त्यांनी आणलेली छायाचित्रे आम्ही आवडीने पाहतो. त्यांत सोनेरी शिखरे असतात, राजवाडा असतो, पहुडलेले बुद्ध असतात, आणि खरेदीच्या हकिगतींना तर अंतच नसतो. परंतु त्याच महानगराला लागून उत्तरेस, नोंथबुरी प्रांतात, चाओ फ्रया नदीच्या पात्रात कुंभारांचे एक बेट आहे आणि सकाळी जाऊन संध्याकाळी तेथून परतता येते, हे सांगणारे आम्हांस क्वचितच कोणी भेटले. आमचे तिकडे जाणे झाले तेव्हा एक अख्खा दिवस आम्ही या बेटासाठी राखून ठेवला. त्याची हकिगत वाचकांपुढे ठेवण्यास एक खास कारण आहे. हे बेट ज्यांचे आहे ते लोकही, आपल्यासारखेच, मूळ मुलुखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेले आहेत.

बेटाचे नाव को क्रेत. ‘को’ म्हणजेच बेट. नदीवरच्या प्रवासी बोटीने नोंथबुरीच्या धक्क्यापर्यंत यावे, तेथून टॅक्सीने पाक क्रेत गाठावे आणि वाट सनाम नुआ नावाच्या देवळामागच्या धक्क्यावर छोट्या होडीत बसावे. भाडे अगदी किरकोळ असते आणि पैलतीर दोन-तीन मिनिटांत येतो. आमच्याबरोबर थाई आणि इंग्रजी दोन्ही जाणणारी एक विद्यार्थिनी होती. तिच्यावाचून आमचा निम्मा दिवस मुकाच गेला असता.

गंमत अशी की हे बेट माणसाच्या हातून झालेले आहे. नदी येथे पूर्वी घोड्याच्या नालासारखे मोठे वळण घेत असे. अयुथ्येचा राजा ताय सा याच्या कारकिर्दीत, १७२२ साली, ते वळण टाळण्यासाठी त्याच्या तोंडाशी एक आडवा कालवा खोदण्यात आला. बोटींचा वळसा वाचला. पुढे प्रवाहाच्या जोराने कालव्याचे काठ खचत गेले, पात्र रुंदावले आणि वळणाच्या पोटात सापडलेला जमिनीचा तुकडा चहूबाजूंनी पाण्याने वेढला गेला. आज होडीतून पलीकडे जाताना आपण नदी ओलांडत नसून जुना कालवा ओलांडत आहोत, हे सांगूनही खरे वाटत नाही. सुमारे चार चौरस किलोमीटरच्या या भूमीवर मोटारगाड्या नाहीत. पायी, भाड्याच्या सायकलीवर किंवा फार तर मोटारसायकलीवर फिरावे. वाटा अरुंद, दुतर्फा केळी आणि नारळी, आणि घरे खांबांवर उभारलेली. २०११ च्या महापुरात हे सारे पाण्याखाली गेले होते.

येथील कुंभार मोन जातीचे. ब्रह्मदेशाच्या दक्षिण भागात, हंसावती म्हणजे पेगू येथे, या मोन लोकांचे राज्य होते. १७५७ साली ब्रह्मी राजा अलौंगपया याने पेगू घेतले आणि ते राज्य संपले. त्यानंतर मोन लोकांचे जथेच्या जथे डोंगर ओलांडून सयामात येऊ लागले. १७७४ साली, राजा ताकसिन याच्या अमदानीत आलेल्यांना पाक क्रेतच्या परिसरात जागा मिळाली. १८१५ साली आणखी एक मोठा लोंढा आला, तेव्हा त्यांचे स्वागत करण्यास राजाने आपला दहा-अकरा वर्षांचा पुत्र मोंगकुट यास सरहद्दीकडे पाठविले होते. हाच पुढे सयामचा चौथा राम म्हणून गादीवर आला. वास्तविक मोन हे या भूमीला नवखे नव्हते. थाई राज्ये उदयास येण्याच्या कितीतरी आधी याच सखल प्रदेशात मोनांची द्वारावती नावाची संस्कृती नांदत होती, आणि तिच्या चांदीच्या नाण्यांवर संस्कृत अक्षरे सापडलेली आहेत. म्हणजे पूर्वजांच्या भूमीत वंशज निर्वासित होऊन आले.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या वाचकांना येथे स्वतःच्या घराण्याची आठवण झाल्यास नवल नाही, आम्हांसही झाली. तथापि हे साम्य फार ताणू नये. आपले पूर्वज या नगरांत आले ते होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या फौजांमागून आले. कारकुनी, फडणिशी, पौरोहित्य घेऊन आले. सत्ता आपली होती. हे लोक मात्र जीव मुठीत धरून आले आणि परक्या राजाच्या दयेने वसले. ज्याच्या मागे सत्ता असते त्याची भाषा दरबारात टिकते. ज्याच्यामागे ती नसते त्याला आपले काय जपायचे हे फार विचाराने ठरवावे लागते, कारण सारेच जपण्याची ऐपत नसते.

मोनांनी काय जपले ते होडीतूनच दिसू लागते. बेटाच्या कोपऱ्यावर, अगदी पाण्याच्या काठाशी, एक पांढरा स्तूप नदीकडे कललेला उभा आहे. काठ खचल्यामुळे तो असा झुकला. याला मुताओ म्हणतात, आणि पेगूच्या महास्तूपाचे मोन नावही तेच. गाव सुटले, परत जाण्याचा मार्ग उरला नाही, तेव्हा गावच्या देवाची प्रतिकृती नव्या काठावर बांधून घेतली. गावोगावी विठ्ठलमंदिर बांधणाऱ्या आपल्या लोकांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

स्तूपाजवळच्या विहाराचे नाव परमय्यिकावास. थाई तोंडी ते ‘पोरमाय्यिकावात’ असे होते. हे नाव ऐकताच आम्ही थबकलो. ‘अय्यिका’ हा पाली शब्द. त्याचा अर्थ आजी. संस्कृत ‘आर्यिका’पासून पालीत ‘अय्यिका’ झाला आणि त्याच मुळापासून प्राकृताच्या वाटेने आपला ‘आजी’ हा शब्द आला. म्हणजे हा आजीचा वाडा! नावाची कथाही तशीच आहे. राजा चुलालोंगकॉर्न, म्हणजे पाचवा राम, आठ वर्षांचाही झाला नव्हता तोच त्याची आई वारली, आणि तिच्या आत्याने, म्हणजे नात्याने आजीनेच, त्याला वाढविले. गादीवर आल्यावर त्याने या जुन्या मोन विहाराचा जीर्णोद्धार तिच्यासाठी करविला आणि त्याला तिचे नाव दिले. ‘आजी’ हा शब्द आम्ही त्या विद्यार्थिनीला दोनदा म्हणून दाखविला. तिला त्यात विशेष काही वाटले नाही, पण आमचा आनंद पाहून ती हसली. या विहारात मोन भाषेतील त्रिपिटक जतन केलेले आहे. मोन लिपीचा उगम दक्षिण भारतातल्या पल्लवकालीन लिपीत आहे, आणि ती वाटोळी अक्षरे पाहताना तेलुगू-कानडी पाटी वाचीत असल्याचा भास क्षणभर होतो. पोथी काचेआड सुरक्षित आहे; तिची भाषा घरात बोलणारे मात्र आता बहुतेक वृद्धच उरले आहेत. तरुण मोन थाईच बोलतात, शाळेत थाईच शिकतात आणि कामाला बँकॉकला जातात. त्यांना दोष कोणी द्यावा?

आता मडक्यांकडे वळतो, कारण त्यांच्यासाठीच तर गेलो होतो. कुंभारवाडीला मोन भाषेत ‘क्वान आमान’ म्हणतात. तेथली भांडी तांबूस मातीची असतात आणि त्यांना कोणत्याही प्रकारची झिलई दिलेली नसते. पाणी भरण्याचे रांजण, कुंड्या, मिरची-लसूण कुटण्याचे मातीचे खल हा इथला जुना माल. एके काळी मोन व्यापारी तो होड्यांत रचून कालव्याकालव्याने घरोघर विकीत. बेटाची खरी ओळख मात्र नक्षीच्या पाणीपात्राची. त्याला झाकण असते, बैठक असते, आणि अंगभर कोरीव काम. असे पात्र विक्रीपेक्षा भेटीसाठी घडवीत, भिक्षूला किंवा वडीलधाऱ्याला देण्यासाठी. नोंथबुरी प्रांताच्या राजमुद्रेवर आज जे मडके आहे, ते याच परंपरेतले. निर्वासितांचे भांडे प्रांताचे चिन्ह व्हावे, याहून मोठा मान कोणता?

एका पडवीत एक वृद्ध कारागीर चाकावर बसले होते आणि शेजारी त्यांच्या घरातील बाई नक्षी कोरीत होत्या. आम्ही बराच वेळ तेथे उभे राहिलो. आपल्याकडील कुंभार चाकावरून उतरवलेले मडके आतून गोल दगड धरून बाहेरून थापटतो, त्यामुळे माठाचे पोट फुगते आणि भिंत पातळ होते. येथे या नक्षीच्या पात्रांचा आकार बहुतांशी चाकावरच पुरा होतो आणि भिंत मुद्दाम जाड ठेवतात, कारण पुढे तिच्यात कोरायचे असते. भांडे अर्धवट सुकून चामड्यासारखे झाले की कोरणीला योग्य होते. फार ओले असेल तर रेघ भरून येते, फार सुकले तर कड फुटते. ती वेळ साधणे हेच कसब. बाईंच्या हातात बारीक टोकाचे एक साधे हत्यार होते. समोर नमुना नव्हता, आखणी नव्हती, तरी पाकळ्यांची पहिली ओळ शेवटच्या पाकळीला बरोबर येऊन मिळाली. आम्ही न राहवून ‘वा!’ म्हटले. या शब्दाचे भाषांतर करावे लागले नाही.

वृद्ध कारागिरांना विद्यार्थिनीमार्फत विचारले की माती कोठली. पूर्वी बेटाचीच चिकणमाती वापरीत, आता ती बाहेरून आणावी लागते, असे त्यांनी सांगितले. बेट लहान, त्यातून किती खणणार? मोन भाषा येते का, असेही विचारले. येते, पण बोलायला समोर माणूस हवा, एवढेच ते म्हणाले, आणि पुन्हा चाकाकडे वळले. मागच्या बाजूस विटांची एक जुनी कमानदार भट्टी होती. तिच्या तोंडाशी वेल चढला होता. आपल्या कुंभाराचा आवा उघड्यावर रचलेला, शेणी आणि पाचोळ्याने झाकलेला असतो आणि भाजून झाला की मागे राखच उरते. येथील भट्टी विझल्यावरही घरासारखी उभी राहते, आणि म्हणून तिचे ओस पडणे अधिक डोळ्यांत भरते.

बेटावर शनिवार-रविवारी मोठा बाजार भरतो. आम्ही रविवारीच गेलो होतो, तेव्हा गर्दीचा अनुभव आला. दुकानांत मांडलेल्या मालापैकी पुष्कळ माल बोटभर उंचीच्या शोभेच्या कुंड्या, दिवे, प्राण्यांच्या आकृती असा होता. आमच्या सोबत्यांपैकी एकांनी नाक मुरडले. परंपरेचा बाजार झाला, असे त्यांचे मत पडले. आम्हांस ते पटले नाही. नळ आणि शीतकपाट घरात आल्यावर रांजण कोण घेणार? रांजण विकला जात नाही म्हणून कुंभाराने भट्टीच विझवावी काय? ज्या भट्टीत शंभर शोभेच्या कुंड्या भाजतात तिच्याच एका कोपऱ्यात एक नक्षीचे पाणीपात्र भाजून निघत असेल, तर त्या शंभर कुंड्यांचे उपकार मानले पाहिजेत. आपल्या घरांत तरी काय निराळे आहे? पाणी तापवायला, दूध विरजायला, धान्य साठवायला मातीचे भांडे आपण केव्हाच सोडले. राहिली ती संक्रांतीची सुगडे, बोळकी आणि अक्षयतृतीयेचा उदककुंभ. वर्षातून दोन दिवस का होईना, त्यासाठी आपण कुंभाराच्या दारी जातो.

संक्रांतीवरून आठवले. थाई नववर्षाचा सण सोंगक्रान. हा आपलाच ‘संक्रांति’ शब्द. फरक इतका की आपली संक्रांत मकराची, जानेवारीतली, तर यांची मेषाची, ऐन उन्हाळ्यातली, १३ एप्रिलच्या सुमारास. या दिवसांत मोन घरांत ‘खाओ चे’ नावाचा पदार्थ होतो. तांदूळ अनेक पाण्यांनी धुऊन, जरा बोटचेपा ठेवून शिजवतात आणि मोगऱ्याने सुवासिक केलेल्या गार पाण्यात घालतात. जोडीला खारट-गोड तोंडीलावणी. पाणी गार राहावे म्हणून भांडे मातीचेच. पुढे हा पदार्थ सयामच्या राजवाड्यात गेला आणि तेथून साऱ्या देशाचा झाला. आम्ही गेलो तेव्हा त्याचा हंगाम नव्हता, म्हणून चव सांगू शकत नाही. फुलांची भजी मात्र पोटभर खाल्ली. गोकर्णीची निळी फुले पिठात बुडवून तळलेली, तळल्यावरही निळसर दिसणारी! केळफूल आणि निरनिराळा पालाही याच प्रकारे तळतात. आलेकुळातल्या ‘नो काला’ या रोपाच्या कोंबांच्या वड्या ही बेटाची खासियत, पण तिच्यात बहुधा मासळी असते. शाकाहारी वाचकांनी ‘जे’ हा एक शब्द पाठ करून ठेवावा. त्याचा अर्थ ‘पूर्ण शाकाहारी’, आणि तो उच्चारताच विक्रेता आपणहून योग्य त्या कढईकडे बोट दाखवितो.

ज्यांना निवांतपणे कुंभारांचे काम पाहायचे असेल त्यांनी सकाळी लवकर पोहोचावे, कारण दुपारनंतर पडवीतल्या चाकांपेक्षा वाटेवरच्या माणसांचीच गर्दी फार होते. आठवड्याच्या मधल्या दिवशी शांतता असते, पण बरीच दुकाने बंद असतात. टोपी, पाण्याची बाटली आणि सुटी नाणी जवळ ठेवावीत. झाकणाचे पाणीपात्र घेतल्यास झाकण आणि भांडे वेगवेगळे गुंडाळून घ्यावे, कोरीव काठ कपड्यांच्या मध्ये येतील असे ठेवावेत आणि विमानात ते सामानात न टाकता हातातच न्यावे. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून मगच वापरास काढावे. पहिले दोन दिवस ते बरेच झिरपते, खाली परात ठेवावी.