जवानाच्या मनाची जखम आणि योगाचा आधार

बेळगाव-निपाणी परिसराचे सैन्याशी असलेले नाते जुने आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, आणि पलीकडच्या शिरोळ तालुक्यात तर एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे. साहजिकच आपल्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांत निवृत्त जवान पुष्कळ असतात. झोप लागत नाही, छातीत धडधडते, पित्त होते, रक्तदाब आटोक्यात येत नाही, अशा त्यांच्या तक्रारी असतात. रात्री दचकून उठतो, फटाक्यांच्या आवाजाने अंगाला घाम फुटतो, हे मात्र जवान स्वतःहून सांगत नाही. सांगते ती त्याची पत्नी, आणि तीही तो खोलीबाहेर गेल्यावर.

या अवस्थेला वैद्यकशास्त्राने अनेक नावे दिली. पहिल्या महायुद्धात तिला ‘शेल शॉक’ म्हटले गेले. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात तिला आघातोत्तर ताणविकार म्हणून स्वतंत्र स्थान मिळाले. नाव मिळाले तरी समाजाची दृष्टी बदलली असे म्हणवत नाही. शरीराची जखम सन्मानाची मानली जाते. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले, उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा गौरव योग्यच आहे. पण ज्याची जखम मनाला झाली आहे त्याच्या वाट्याला ‘डोक्यावर परिणाम झालाय’ एवढाच शेरा येतो.

पेटकरांच्या उदाहरणातून आणखी एक बोध घेता येतो. शरीराला शिस्तीने कामाला लावले की माणूस सावरू लागतो. सैनिकाला ही भाषा परिचयाची असते. ‘मन मोकळे करा’ म्हटल्यावर तो गप्प बसतो, परंतु ‘पहाटे सहाला या, अर्धा तास श्वासाचा सराव करू’ म्हटले तर तो पावणेसहाला हजर होतो. योगाचे महत्त्व येथेच आहे.

योगाची प्रयोगशाळेतील तपासणी आपल्याला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामची स्थापना करून हे कार्य आरंभिले. मनाच्या आघाताबाबतचा पुरावा अलीकडचा आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, अन्य उपचारांना दाद न देणाऱ्या ६४ स्त्रियांपैकी निम्म्यांना दहा आठवडे योगवर्ग दिले. योगगटातील सुमारे ५२ टक्के स्त्रिया निदानाच्या निकषांतून बाहेर आल्या. तुलनागटात हे प्रमाण २१ टक्के होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या २१ सैनिकांपैकी श्वसनाधारित योगाचे सात दिवसांचे शिक्षण घेतलेल्यांची लक्षणे कमी झाली आणि वर्षभरानंतरही तो लाभ टिकून होता. संख्या लहान आहेत, हे मान्य करावयास हवे. तथापि संथ श्वसनाने स्वायत्त मज्जासंस्थेवरील ताण हलका होतो, हे आपण सारे जाणतो.

मग हे शिकवणार कोण? माझे मत असे की, हे काम योग शिकलेल्या माजी सैनिकाकडे सोपवावे. ज्याने स्वतः रात्री जागून काढल्या आहेत त्याच्यासमोर दुसऱ्या जवानाला काही सिद्ध करावे लागत नाही. या भागातील माजी सैनिकाला बहुधा मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही भाषा येतात. गावात त्याच्या शब्दाला मान असतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठची घरे पाण्याखाली गेली. पावसाचा जोर वाढला की आजही धास्तावणाऱ्या त्या कुटुंबांनाही असा शिक्षक उपयोगी पडेल.

यावर आक्षेप येईल की शिपाई म्हणजे उपचारक नव्हे. आक्षेप रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर आपल्याच राज्यात सापडते. १९८० च्या दशकात बंगळूरच्या निम्हान्सने बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना शिकवून मानसिक आरोग्यसेवा खेड्यापर्यंत नेली. पुढे राष्ट्रीय पातळीवरील जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला तोच नमुना लाभला. तज्ज्ञांची देखरेख असेल तर सामान्य कार्यकर्ताही मोठे काम करतो.

देखरेख मात्र हवीच. आघातग्रस्ताला डोळे मिटायला भाग पाडणे, दीर्घ कुंभक, वेगवान भस्त्रिका यांनी भीती उफाळू शकते. डोळे उघडे ठेवण्याची, मध्येच थांबण्याची मुभा असावी. पाठीमागून येऊन कोणाच्याही अंगाला हात लावू नये. आणि शिक्षकाने कवायतीच्या मैदानावरचा आवाज घरी ठेवून यावा. ‘सावधान’ म्हणण्याची सवय सोडून ‘जमेल तेवढेच करा’ म्हणणे त्याला कदाचित सर्वांत कठीण जाईल. चालू औषधे योगासाठी बंद करू नयेत. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्यास त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गात भिंतीवर असावा.

डॉक्टर बंधू-भगिनींनी यासाठी फार काही करावयाचे नाही. माजी सैनिक तपासणीस आला की ‘झोप कशी लागते?’ एवढा प्रश्न पत्नीसमक्ष नव्हे, तर त्याला एकट्याला विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. इच्छुक माजी सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी एखाद्या मनोविकारतज्ज्ञाने महिन्यातील एक रविवार द्यावा. जागा म्हणून गावची तालीम किंवा समाजमंदिर पुरेसे आहे. २१ जूनला मैदाने भरतात, फोटो निघतात. २२ जूनला पहाटे त्या तालमीत चार माणसे जरी श्वास मोजत बसली, तरी या योजनेची सुरुवात झाली असे मी समजेन.